कचऱ्यातल्या प्लॅस्टिकपासून तेल: यंत्राआधी माल तोलून पाहा

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका तरुणाने विचारलं आहे: "रस्त्यालगत आमची अर्धा एकर पडीक जमीन आहे. नगरपरिषद प्लॅस्टिक कचरा फुकट द्यायला तयार आहे. रोज ५ टनांचा पायरोलिसिस प्लँट टाकावा म्हणतो. यंत्र विकणारे सांगतात, किलोला लिटर तेल निघतं, ते डिझेलसारखं असतं, ट्रॅक्टरलाही चालतं आणि दीड वर्षात पैसे वसूल होतात. खरं आहे का? करू का?"

मी केमिकल इंजिनिअर आहे. गेली चौदा-पंधरा वर्षं याच कामात आहे. आधी टायरच्या प्लँटवर होतो, नंतर प्लॅस्टिकवर आलो. दोन प्लँट उभे करताना पहिल्या पायाभरणीपासून हजर होतो आणि एक बंद करतानाही होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते "किलोला लिटर". हा आकडा खोटा नाही, म्हणूनच माणूस फसतो. हे तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरचं वजन साधारण ७८० ग्रॅम. स्वच्छ, कोरडं पीपी (पॉलिप्रोपिलीन) किंवा पीई (पॉलिइथिलीन, पिशव्यांचं प्लॅस्टिक) घातलं आणि वजनाच्या ७८ टक्के तेल निघालं, तर किलोला बरोबर एक लिटर भरतं. आणि तेवढं निघतं. मी स्वतः काढलेलं आहे, कारखान्यातून आलेल्या कोऱ्या कात्रणांपासून. प्रात्यक्षिकाच्या दिवशी रिॲक्टरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक तापवायच्या बंद ड्रममध्ये, असाच माल असतो. तुमच्या नगरपरिषदेच्या ट्रॉलीत तो नसेल.

तुमच्या ट्रॉलीतल्या १००० किलोचं काय होतं ते बघू. मिश्र कचऱ्यातून उचललेल्या पन्नीत पाणी भरपूर असतं. पिशवीच्या घडीत, उष्ट्या भाजीत, चिकटलेल्या मातीत ते दडलेलं असतं. धरा २०० किलो पाणी. माती, खडे, कागद, चिंध्या मिळून १२० किलो. पेट (पीईटी) प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या, फ्लेक्स-रेनकोटचं पीव्हीसी आणि ओळखू न येणारा माल बाजूला काढला की आणखी ८० किलो गेले. उरले ६००. त्याचं ६५ टक्के तेल धरलं तर ३९० किलो, म्हणजे ५०० लिटर. गॅस साधारण १२० किलो आणि काळी राख, जिला आम्ही 'चार' (इंग्रजीत char) म्हणतो, ती ९० किलो. सुरुवातीची भट्टी तापवायला ३०-४० लिटर तुमचंच तेल जातं. हिशेबात तुम्ही १००० लिटर विकायला धरले होते, हातात जेमतेम साडेचारशे ते पावणेपाचशे आले. माझे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण ओल्या कचऱ्याच्या गावात ते याच्या फार वर जाताना मी पाहिलेले नाहीत. दीड वर्षात वसुली हा सगळा हिशेब त्या पहिल्या हजारावर उभा असतो.

आत नेमकं काय घडतं ते समजलं की पुढचं सगळं उलगडतं. पायरोलिसिसमध्ये प्लॅस्टिक जळत नाही, तुटतं. पीई म्हणजे कार्बनच्या हजारो मण्यांची लांब माळ. हवा बंद करून ४०० ते ४५० अंशांपर्यंत तापवलं की माळ जागोजाग तुटते. एक ते चार मण्यांचे तुकडे गॅस होतात, पाच ते वीसचे द्रव होतात, त्याहून लांब तुकडे मेणासारखे घट्ट राहतात. वाफ कंडेन्सरमध्ये थंड झाली की तेल, आणि जे थंड होऊनही द्रव होत नाही तो गॅस वॉटर सीलमधून परत बर्नरला जातो. एकदा चक्र सुरू झालं की भट्टी बरीचशी याच गॅसवर चालते, हे मात्र विक्रेते सांगतात तसं खरं आहे.

माळ कुठे तुटेल यावर आपला पूर्ण ताबा नसतो. निव्वळ पीईमधून, म्हणजे पिशव्यांमधून, मेण जास्त येतं. पहिल्या वर्षी डिसेंबरच्या एका पहाटे आम्ही टँकर भरायला गेलो, तर बॅरल उलटं केलं तरी थेंब पडेना. तूप गोठावं तसं पिवळसर तपकिरी तेल गोठलं होतं. खांद्याएवढा दांडा आत घातला तर तो तसाच उभा राहिला. टँकर रिकामा परत गेला, भाडं आमच्या अंगावर. नंतर टाकीत वाफेचं वेटोळं बसवलं, मालात पीपीचं प्रमाण वाढवलं, तेव्हा ते सुटलं. उत्प्रेरक वापरून मेण कमी करता येतं, झिओलाइट त्यासाठीच असतो. पण मातकट मालावर तो काही फेऱ्यांतच काजळी धरून मरतो. कोणी "आमची खास पावडर" म्हणून पोतं विकायला लागला, तर किती बॅचनंतर बदलायची हे लिहून मागा.

आता मालाविषयी. पीई, पीपी आणि थर्माकोलचं पॉलिस्टायरीन, हे तिन्ही या कामाला चांगले. पण यातला जो भाग स्वच्छ मिळतो त्याला भंगारात आधीच भाव आहे. दुधाच्या पिशव्या, ठिबकच्या जुन्या नळ्या, खताची पोती हे कोणी टाकत नाही. तुमच्या जळगावच्या एमआयडीसीतच त्याचा दाणा (वितळवून पुन्हा वापरायचा कच्चा माल) होतो, चटया होतात. दाणा होऊ शकणारं प्लॅस्टिक तोडून तेल करणं हा तोट्याचा व्यवहार आहे आणि मला विचाराल तर चुकीचाही. केंद्राच्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांतही, २०१६ च्या आणि २०२२ मध्ये त्यांना जोडलेल्या उत्पादक जबाबदारीच्या (वेष्टनं बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनीच त्यांच्या कचऱ्याची सोय लावायची) तरतुदींत, प्लॅस्टिकपासून तेल हा मार्ग पुनर्चक्रणात धरलेला नाही. ज्याचं पुनर्चक्रण होत नाही त्याची ती शेवटची विल्हेवाट आहे.

म्हणजे तुमच्या वाट्याला येतो तो असा माल: वेफर्सची पाकिटं, मसाल्याच्या आणि शॅम्पूच्या पुड्या, मळक्या पातळ पन्न्या, शेतातला मल्चिंग पेपर. मल्चिंग पेपर दिसायला मोहक असतो, शेतकरी बांधावर ढीग लावून "घेऊन जा" म्हणतात. तो २५-३० मायक्रॉनचा कागद मातीत हंगामभर पडलेला असतो. एकदा आम्ही पूर्ण गाडी आणली, झटकली, धुतली आणि वाळवून तोलली तर निम्मं वजन मातीचं निघालं. त्या दिवसापासून मल्चिंग गेटवर झटकल्याशिवाय घेतला नाही.

वेफर्सचं पाकीट ठीक आहे, ते बहुतेक पीपी-पीईचं असतं, चकाकणारं ॲल्युमिनियम राखेत राहतं. पुड्यांचं तसं नाही. कित्येक पुड्यांत वरचा थर पेटचा असतो, आणि पेट हा या यंत्राचा शत्रू आहे. त्याचं तेल जवळजवळ होत नाही. त्यातून टेरेफ्थॅलिक आणि बेंझोइक आम्ल निघतं, ते वाफेबरोबर उडतं आणि कंडेन्सरच्या थंड नळ्यांत पांढरं होऊन बसतं. पहिल्यांदा कंडेन्सर उघडला तेव्हा नळ्यांत रांगोळी ठासून भरल्यासारखं दिसत होतं. एक नळी बुजली की वाफेला वाट कमी, मग दाब चढतो. या प्रकरणाकडे पुन्हा येतो, कारण माणसं तिथे मरतात.

दुसरा शत्रू पीव्हीसी. तो २५०-३०० अंशांवरच हायड्रोजन क्लोराइड सोडतो. पाण्याशी गाठ पडली की त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि मग लोखंडाचा रिॲक्टर, कंडेन्सर, पाइप सगळं आतून खात सुटतं. क्लोरीन तेलात उतरला की चांगला गिऱ्हाईक ते तेल घेत नाही. चौकाचौकात लागणारे फ्लेक्स, रेनकोट, रेक्झिन, गोळ्यांची पाकिटं, बाटल्यांवर सालीसारखी आवळून बसवलेली लेबलं, यांत पीव्हीसी भेटतो. ओळखायची सोपी रीत सांगतो. तांब्याची तार पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल करा, ती प्लॅस्टिकला टेकवा, वितळलेलं तारेवर येऊ द्या आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. हे उघड्यावर करा आणि धूर नाकात घेऊ नका. दुसरी रीत बादलीची: पाण्यात थोडा साबण घालून तुकडे बुडवा. पीई आणि पीपी वर येतात, पीव्हीसी आणि पेट तळाला जातात. आमच्याकडे छाननीच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या बायकांना काही महिन्यांनी तार लागेनाशी झाली. चुरगळल्याचा आवाज ऐकून त्या पाकीट डावीकडे टाकायचं की उजवीकडे ते ठरवायच्या आणि क्वचितच चुकायच्या. प्लँटमधली सगळ्यात महाग गोष्ट रिॲक्टर असेल, पण सगळ्यात मोलाची माणसं या पट्ट्यावर असतात. पगार ठरवताना हे लक्षात असू द्या. तुमच्या गावात कचरा वेचणाऱ्या बायका आधीपासून असणारच. त्यांना हटवून नगरपरिषदेची ट्रॉली थेट घेऊ नका, त्यांच्याकडूनच निवडलेला माल विकत घ्या. पुण्यात "स्वच्छ" ही वेचकांची सहकारी संस्था दारोदार वर्गीकरणाचं काम वर्षानुवर्षं करते आहे, ते एकदा जाऊन बघा.

महाराष्ट्रात हे काम नवं नाही. नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्लॅस्टिकच्या इंधनावर काम केलं आणि बुटीबोरीला प्लँट उभा राहिला. पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी घरच्या प्रेशर कुकरवर प्रयोग करून सुरुवात केली आणि पुढे घराघरांतून वेगळं ठेवलेलं प्लॅस्टिक गोळा करण्याची मोहीम उभी केली. त्यांचं यंत्र सगळे बघायला जातात, मला मात्र ती गोळा करण्याची मोहीम जास्त शिकवणारी वाटते. घरातूनच कोरडं आणि वेगळं आलेलं प्लॅस्टिक, म्हणजे माझ्या वरच्या हिशेबातले २०० किलो पाणी आणि १२० किलो घाण गेटवर येण्याआधीच गेली. (कुकरचा प्रयोग तुम्ही करू नका. यूट्यूबवर ड्रम आणि पाइप जोडून तेल काढणारे दिसतात, त्यांच्या ड्रमचा स्फोट व्हिडिओत दिसत नाही.)

क्षमतेबद्दलही बोलायला हवं. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने गेल या सरकारी गॅस कंपनीच्या मदतीने २०१९ मध्ये प्लॅस्टिकपासून डिझेल करणारा प्लँट सुरू केला, तो रोज १ टनाचा. देशातली पेट्रोलियमची मोठी प्रयोगशाळा टनापासून सुरुवात करते. तुम्हाला पहिल्या दिवशी ५ टन हवेत. त्यात तुम्हाला जो आडवा फिरता ड्रम दाखवला असेल, तो साधारण २.२ मीटर व्यासाचा आणि ६ मीटर लांबीचा, म्हणजे २३ घनमीटर. दोन तृतीयांश भरायचा म्हटलं तर १५ घनमीटर. सुट्टी, कातरलेली पन्नी घनमीटरला ५० किलोच्या आसपास बसते. म्हणजे ५ टनांच्या ड्रममध्ये तुमचा माल पाऊण टन मावेल! ५ टन भरायचे तर आधी ॲग्लो मशीनवर पन्नीचे दाटसर लाह्यांसारखे गोळे करावे लागतात. ते घनमीटरला ३०० किलोपर्यंत जातात, तेव्हा कुठे साडेचार टन बसतो. ॲग्लो, कातरणी, धुलाई, वाळवण, यांची किंमत आणि त्यांच्या मोटरांचं वीजबिल कोटेशनमध्ये असतं का ते पाहा. बहुधा "ग्राहकाने करावयाची व्यवस्था" या ओळीखाली एका वाक्यात ते उरकलेलं असतं. पावसाळ्यात चार महिने वाळवण कशी करणार हे तर त्या ओळीतही नसतं.

आता सुरक्षितता.

पहिल्या प्लँटवर, २०१२ साली, रात्रपाळीत पुढची बॅच लवकर लावायची घाई होती. वाफ बाहेर जाते त्या पाइपवरचा काटा ९० अंश दाखवत होता. मुलांनी मॅनहोलचे नट सोडले. पाइप थंड झाला होता, पण ड्रमच्या पोटातला काळ्या राखेचा ढीग आतून लाल होता. झाकण सरकलं, हवा आत गेली आणि राहिलेल्या वाफेने पेट घेतला. झाकणासमोरच्या पोराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. दीड महिना तो दवाखान्यात होता. मी तेव्हा शिफ्टचा प्रमुख होतो, घरी झोपलो होतो, आणि "किती वाजता, कोणत्या काट्यावर झाकण उघडायचं" हे लिहून भिंतीवर लावायचं काम माझं होतं, जे मी केलं नव्हतं. तो पोरगा आजही मला दिवाळीला फोन करतो.

त्यानंतर आमच्याकडे तीन गोष्टी ठरल्या आणि त्या पुन्हा बदलल्या नाहीत. ड्रमच्या आत, राखेच्या उंचीवर, स्वतंत्र तापमापक (थर्मोकपल). उघडण्याआधी नायट्रोजन फिरवणं, सिलिंडर रिकामा असेल तर झाकण उघडायचं नाही. आणि कुठलीही बॅच त्याच रात्री उघडायची नाही. त्यामुळे दिवसाला जेमतेम एकच बॅच होते आणि पैशांचा हिशेब बदलतो. बदलू द्या.

दाबाचं प्रकरण दोन्ही बाजूंनी आहे. मेणाने किंवा त्या पांढऱ्या भुकटीने वाट बुजली तर दाब चढतो, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रप्चर डिस्क (ठरावीक दाबाला फुटून वाट देणारी पातळ चकती) दोन्ही हवेत, आणि त्यांची वाट कंडेन्सरच्या आधी निघायला हवी. बुजलेल्या नळीच्या पलीकडे बसवलेला व्हॉल्व्ह काय कामाचा? उलट बाजू कमी लोकांना माहीत असते. बर्नर बंद केला की आतला गॅस आकसतो, ड्रम ओढ घेतो आणि जिथे फट असेल तिथून हवा आत येते. गरम वाफ आणि हवा एकत्र आली की तिला पेटवायला ठिणगीसुद्धा लागत नाही. मी पाहिलेले अर्ध्याहून जास्त अपघात प्लँट चालू असताना नाही, बंद करताना झाले. लाइट गेल्यावर फिरता ड्रम आणि थंड पाण्याचा पंप दोन्ही एकदम थांबतात, म्हणून जनरेटर पहिल्या दिवसापासून लागतो.

ट्रॅक्टरचं विचारलंत. नाही. या तेलात पेट्रोलसारखा हलका भाग, डिझेलसारखा मधला आणि मेण सगळं एकत्र असतं. हलक्या भागामुळे ते फार कमी तापमानाला पेट घेतं. त्यातले रेणू अपुरे भरलेले असतात, ठेवल्यावर एकमेकांना चिकटून डिंक तयार होतो. ताजं तेल मधासारखं पारदर्शक दिसतं, दोन-तीन महिन्यांत काळं होतं आणि तळाला चिकटा बसतो. आम्ही जुन्या जनरेटरवर चालवून पाहिलं, पहिले ४० तास सुंदर चालला, मग इंजेक्टर धरले. आणि गाडीत घालण्यासाठी डिझेल म्हणून विकणं हा गुन्हा आहे. गंधकाची मर्यादा १० पीपीएमवर आल्यानंतर, म्हणजे एप्रिल २०२० पासून, तर हे तेल मानकाच्याही आसपास नाही. याचं खरं गिऱ्हाईक भट्टी: डांबराचे हॉट मिक्स प्लँट, बॉयलर, जालन्यासारख्या ठिकाणच्या रोलिंग मिल. ते फर्नेस ऑइलच्या खालचा भाव देतात आणि रस्त्यांची कामं पावसाळ्यात थांबली की डांबरवाले उचलही थांबवतात. नेमकी तेव्हाच तुमची वाळवणही थांबलेली असते. मोठ्या रिफायनरी हे तेल परत प्लॅस्टिक करायला घेऊ लागल्या आहेत, जामनगरला ते काम सुरू झालं आहे, पण त्यांना लागणारा क्लोरीनचा निकष छाननीशिवायच्या प्लँटला गाठता येत नाही.

परवानग्या थोडक्यात. शेतजमिनीवर तशीच उभारणी नाही, जागेच्या औद्योगिक वापराचे आजचे नियम आधी विचारून घ्या. मी तर एमआयडीसीतलाच प्लॉट घ्या म्हणेन, कारण वास येतो आणि शेजाऱ्यांची तक्रार रास्त असते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून उभारणीची आणि मग चालवण्याची अशा दोन संमती. केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर प्लॅस्टिक कचरा प्रक्रियादार म्हणून नोंदणी. तेलसाठ्यासाठी स्फोटके विभागाचा, म्हणजे पेसोचा परवाना: तुमचं तेल २३ अंशांखाली पेट घेणारं निघालं तर ते 'अ' वर्गात जातं आणि त्या वर्गात नुसती टाकी भरून ठेवता येत नाही. कारखान्याची नोंदणी, अग्निशमन वेगळे. राखेची तपासणी करून घ्या. ती शेतात किंवा नाल्यात टाकू नका, वीटभट्टीवाल्यालाही तपासणीशिवाय देऊ नका. धोकादायक निघाली तर तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या विल्हेवाट केंद्राकडे पाठवण्याचा खर्च धरा. उत्पादक जबाबदारीच्या प्रमाणपत्रांचे पैसे मिळतात, पण त्यांचा भाव वरखाली होतो. तो मिळाला तर वरकड, बँकेच्या हप्त्याच्या हिशेबात धरू नका.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की मी नको म्हणतोय. तसं नाही. २०१६ च्या जानेवारीत देवनारचं डम्पिंग पेटलं तेव्हा मी मुंबईत होतो, मुलगी दोन वर्षांची होती, खिडक्या बंद करूनही धूर घरात येत होता. लहान गावांच्या डेपोंवर तसा धूर वर्षभर असतो आणि त्याची बातमीही होत नाही. त्या धुरापेक्षा बंद ड्रम आणि स्क्रबर (धूर धुऊन काढणारं यंत्र) हजार पटींनी बरा. "हरित इंधन" असं मात्र मी त्याला म्हणणार नाही, खनिज तेलापासून आलेला कार्बन शेवटी जळतोच.

तुमच्या जागी मी असतो तर रिॲक्टर शेवटी घेतला असता. पहिलं वर्ष शेड, छाननीचा पट्टा, गठ्ठे बांधणारी बेलिंग प्रेस आणि ॲग्लो. चांगला माल दाण्याला, पुड्या आणि पाकिटांचे गठ्ठे चंद्रपूरकडच्या सिमेंट भट्ट्यांना. वर्षभरात तुम्हाला कळेल की तुमच्या गावातून महिन्याला किती कोरडं, पीव्हीसी आणि पेट नसलेलं, आणि दाणा न होणारं प्लॅस्टिक निघतं. तेवढ्याचाच रिॲक्टर. विक्रेत्याला सांगा, माझा ५०० किलो माल तुमच्या चालू प्लँटवर माझ्यासमोर चालवा. जाताना स्वतःचा वजनकाटा न्या. तेल, राख आणि खाली साचलेलं पाणी तिन्ही तोला, उरलेला तो गॅस. जो विक्रेता याला तयार होत नाही त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

आणि त्याच्याही आधी, या आठवड्यात, नगरपरिषदेच्या ट्रॉलीतून कुठलाही १०० किलो माल उचला. निवडू नका, जसा आहे तसा. तोला. ताडपत्रीवर पसरून चार दिवस उन्हात ठेवा, झटका, पुन्हा तोला. मग बादली आणि तांब्याची तार घेऊन बसा आणि पाच ढीग करा: दाण्याला जाणारा, तेलाला जाणारा, पेट, पीव्हीसी, आणि माती-कागद-चिंध्या. पाचही ढिगांची वजनं मला लिहून पाठवा, रिॲक्टर किती टनांचा घ्यायचा ते त्या कागदावरून काढू.